ढेपेच्या डोंगरात अप्पा

"जमिनीवर झोपायचे तीन हजार रुपये?"

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं. तंबू ठोकायच्या जागेचं एका रात्रीचं भाडं म्हणून मी फक्त '35 डॉलर' म्हणालो होतो. गुणाकार त्यांनी मनातल्या मनात केला. तंबू आपला, गाद्या आपल्या, शिधा आपला आणि भांडीही आपणच घासायची, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग नातीकडे, माझ्या इराकडे, वळून म्हणाले, "तुझ्या बापाला मी फुकट झोपवत होतो गं बागेत. हा यायचा नाही."

खरं आहे ते. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच यायची, तेव्हा अप्पा आणि काका बॅटरी, घोंगडी, काठी घेऊन मळ्यात जायचे. बांधापलीकडे ऊस, उसात बिबटे. 'अभ्यास आहे' ही माझी कायमची सबब. ती सबब इतकी फळली की मी थेट कॅलिफोर्नियात येऊन पडलो, आणि आता चाळिशीत, उघड्यावर झोपायला मिळावं म्हणून सहा महिने आधी सकाळी आठच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर बसून जागा आरक्षित करतो.

2024 चा सप्टेंबर संपत आला होता. आदल्या नोव्हेंबरात निफाडकडे गारपीट झाली, तीत आमची बाग झोडपून निघाली. त्यानंतर अप्पांनी कारभार माझ्या धाकट्या भावाच्या, सागरच्या, हाती दिला आणि पासपोर्ट काढला. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ते घराबाहेर आहेत, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आमच्या दिवाणखान्यात बसून ते दिवसातून चारदा सागरला फोन करायचे. हवामान, मजुरांची टोळी, छाटणीनंतर काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून लावायची पेस्ट आणली का, पेस्ट लावताना पोरांना हातमोजे दिले का. शेवटी बायकोच म्हणाली, "अप्पांना जरा डोंगरात घेऊन जा. फोन लागत नाही अशा ठिकाणी." तिला घरात थोडी शांतता हवी होती, हा भाग वेगळा.

असं ठिकाण म्हणजे शुगरलोफ रिज स्टेट पार्क. सोनोमा खोऱ्याच्या पूर्वेला, मायाकामास डोंगररांगेत. खाली केनवुड गाव, गावाभोवती नजर पोचेल तिथपर्यंत द्राक्षं. हमरस्ता सोडून अडोबी कॅन्यन रोडला वळलं की पाच-सहा मिनिटांत वेली संपतात, ओकची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि फोनच्या काड्या एकेक करून विझतात.

पण त्याआधी खालचा रस्ता. अप्पा पुढच्या सीटवर बसून काचेला नाक लावून बघत होते. सुगीचे दिवस. काही रानांत तोड झालेली, काहींत काळे घड लटकलेले. ते मधूनच पुटपुटत: "ओळीतलं अंतर जास्तच." "मांडव नाही, नुसत्या तारा." "पानं काढलीत घडासमोरची, बरोबर." एका प्रसिद्ध वायनरीच्या अंगणात आम्ही दहा मिनिटं थांबलो. अप्पा माळकरी, त्यात त्या दिवशी शनिवार आणि एकादशी. तिथीचा हिशेब केला तर तिकडची एकादशी इकडे उजाडायच्या आत संपलेली असते, पण अप्पा कालनिर्णयावर वार आणि तारीख बघतात, विषय संपला. चव घ्यायचे दर वाचून ते नुसते हसले आणि गाडीत जाऊन बसले.

त्या हसण्यामागे जुना हिशेब आहे. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिककडे वाईनची हवा सुटली. त्याच्या आदल्याच वर्षी सुलाची पहिली वाईन बाजारात आली होती. त्यांचा सल्लागार वाईनमेकर केरी डॅम्स्की याच सोनोमाकडचा. आम्हीही 2006 साली दोन एकर शिराज लावली, एका वायनरीशी करार करून. नाव कशाला घ्या. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग 2008 ची मंदी आली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि आमचा माल कुणी उचलेना. वाईनची द्राक्षं बाजारात कोण घेणार? मणी बोराच्या आठोळीएवढा, आत बिया, साल जाड. ना खायला, ना बेदाण्याला. अप्पांनी एका सकाळी जेसीबी बोलावून दोन्ही एकर उपटून टाकले. त्या दिवशी मी कॅलिफोर्नियात नवी नोकरी धरली म्हणून मित्रांना जेवू घालत होतो, आणि जेवणाबरोबर वाईनच होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गाडी डोंगराला लागल्यावर मी त्यांना खुलवायला म्हणून थॉमसनची गोष्ट काढली. आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी 'थॉमसन' असतो. अप्पांनी तीस वर्षं तोच पिकवला. वाण मूळचा इराण-तुर्कस्तानाकडचा, पण त्याला हे नाव पडलं ते इथून दोन-अडीच तासांवरच्या युबा सिटीतल्या विल्यम थॉमसन नावाच्या इंग्रज माणसामुळे. 1870 च्या दशकात त्यानं तो इथे लावला आणि पसरवला. आपला तास-ए-गणेश हाही त्याच थॉमसनच्या एका काडीत निघालेला फरक.

"आणि खालचं डॉगरिज?" अप्पांनी विचारलं.

डॉगरिजही अमेरिकेचंच. टेक्सासच्या रानवेलीचं मूळ. खारं पाणी आणि दुष्काळ सोसतं म्हणून महाराष्ट्रात बरेच जण त्याच्यावर कलम भरतात. इथे मुळं बदलावी लागली ती वेगळ्या कारणानं. 1873 मध्ये सोनोमात फायलोक्सेरा सापडला, मुळं खाणारा कीटक, आणि युरोपातून आणलेल्या वेली जागच्या जागी वाळायला लागल्या. इथल्या रानवेलींना त्याची सवय होती, म्हणून खाली रानवेलीचं मूळ आणि वर युरोपी वाण, असा तोडगा निघाला.

अप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शेंडा यांचा, बुडखाही यांचा. मधली कलमाची गाठ तेवढी आमची." थोडं थांबून म्हणाले, "आणि सोसायटीचं कर्ज."

शुगरलोफ म्हणजे काय, असं इरानं विचारलं तेव्हा मला नीट सांगता येईना. पूर्वी साखर सुळक्याच्या आकाराच्या गोळ्यात विकायची, तसा दिसणारा डोंगर, असं मी सांगत होतो. अप्पांनी मधेच तोडलं. "ढेप म्हण ना. गुळाची असते तशी साखरेची ढेप." झालं, तेव्हापासून आमच्या घरी त्या जागेचं नाव ढेपेचा डोंगर.

ढेपेच्या डोंगराचा इतिहासही अप्पांना पटण्यासारखा निघाला. मुळात हा वाप्पो लोकांचा मुलूख. मग गोरे लोक आले, त्यांनी इथे शेती केली, कोळसा पाडला. 1920 मध्ये राज्य सरकारनं ही जमीन घेतली ती धरणासाठी. सोनोमा क्रीक इथेच उगम पावते. तिला अडवून खालच्या सरकारी इस्पितळाला पाणी न्यायचं होतं. खालच्या जमीनदारांनी विरोध केला आणि धरण बारगळलं. मग कुरणं भाड्यानं दिली, आणि 1964 मध्ये राज्य उद्यानांच्या यादीत नाव आलं. "खालच्यांनी पाणी अडवू दिलं नाही म्हणून डोंगर वाचला," अप्पा म्हणाले. आमच्याकडे पाण्यावरून जे चालतं ते बघता त्यांना यात नवल वाटलं नाही, धरण झालं नाही याचं मात्र वाटलं.

पुढची गोष्ट त्यांना त्याहून आवडली. 2011 मध्ये राज्याकडे पैसे नाहीत म्हणून 70 उद्यानं बंद करायची यादी निघाली, तीत हेही होतं. स्थानिक पर्यावरण संस्थांनी एकत्र येऊन 2012 पासून ते चालवायला घेतलं, आजही तेच चालवतात. आणि त्याच वर्षी उघड झालं की उद्यान खात्याच्या दोन निधींमध्ये 5 कोटी 40 लाख डॉलर कुणाला न सांगता पडून होते. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "इथंही?" त्या एका शब्दानंतर त्यांना अमेरिका जरा जवळची वाटायला लागली असावी.

कॅम्पग्राउंड एका गवताळ कुरणाभोवती आहे. आमची जागा ओढ्याकडेला. ओढा आटलेला, नुसते गोटे. लाकडी टेबल, अन्न कुलूपबंद ठेवायला लोखंडी पेटी, आणि मधोमध शेकोटीसाठी लोखंडी कडं. पण फाटकावरच पाटी होती: सध्या लाकूड पेटवायला बंदी, फक्त गॅसची शेगडी चालेल. गवत वाळून कोळ झालेलं आणि दुपारी वारं सुटत होतं. इरा खट्टू झाली.

तंबू उभा करताना अप्पांनी मला हात लावू दिला नाही. खुंट्या कुठे ठोकायच्या, दार कोणत्या अंगाला, पाण्याचा उतार कुठे, हे त्यांनी जमिनीवरून नजर फिरवून ठरवलं. झिप बघून म्हणाले, "कडी नाही, कुलूप नाही. शिंगणापूरच आहे की."

फिरायला निघालो तेव्हा वाटेच्या तोंडाशी पहाडी सिंहाची पाटी. दिसला तर पळू नका, हात वर करून मोठे दिसा, ओरडा, लेकरांना उचलून घ्या. मी भाषांतर करून सांगितलं. "बिबट्याचंही हेच," म्हणत अप्पा पुढे झाले, जणू पाटी त्यांनीच लिहून दिली होती. पुढच्याच वळणावर मात्र फसगत होता होता राहिली. वाटेच्या कडेला एक झुडूप, तीन-तीन पानांचं, पानं शेंदरी-लाल व्हायला लागलेली. अप्पा थबकले. "बेल? इथं?" आणि त्रिदळ खुडायला हात पुढे केला. इरा किंचाळली, "आबा, नको!" ते पॉयझन ओक होतं. कातडीला लागलं तर आठवडा-दोन आठवडे खाज आणि फोड. शाळेत तिला घोकून घोकून शिकवलंय: तीन पानं दिसली की लांब राहायचं. अप्पांनी हात मागे घेतला आणि झुडपाकडे बघत राहिले. तीन पानांनी असं करावं, याचं त्यांना वाईट वाटलं असणार.

वर चढत गेलो तशी जळलेली झाडं दिसायला लागली. 8 ऑक्टोबर 2017 च्या रात्री वाऱ्यानं भडकलेल्या नन्स फायरमध्ये या उद्यानाचा बहुतेक भाग जळाला. मग 27 सप्टेंबर 2020 ला ग्लास फायर लागली, तीही इथवर आली. आम्ही गेलो त्याच्या बरोबर चार वर्षं आणि एक दिवस आधी. काही डग्लस फर नुसते काळे खांब होऊन उभे होते, त्यांचं संपलेलं होतं. ओकचं तसं नव्हतं. एका ओकपाशी अप्पा थांबले. खोडाची एक बाजू कोळशासारखी. बोट लावलं तर अजून काळं होत होतं. पण वरच्या जाड फांद्यांवर, थेट जुन्या सालीतून, हिरव्या फुटींचे गुच्छ. शेजारी मद्रोनचं झाड पार बुडख्यापर्यंत जळून गेलेलं आणि बुडख्याभोवती गोल रिंगण करून पाच-सहा नव्या काठ्या, माणसाच्या उंचीच्या.

अप्पांनी त्या काठ्या मोजल्या. मग बुडख्यावर तळवा ठेवून म्हणाले, "डोंगराची खरड छाटणी झालीय."

ज्यांच्याकडे द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथली वेल थंडीत पानं टाकते, झोपते, आणि वर्षातून एकदा छाटली की भागतं. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेलीला झोपच नाही. म्हणून दोनदा छाटावी लागते. ऑक्टोबरात फळासाठी. आणि एप्रिलात, माल निघून गेल्यावर, रणरणत्या उन्हात सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांदीपर्यंत, खरडून टाकायच्या. बाग बोडकी होते. लहानपणी मला ते दिवस आवडायचे नाहीत, बाग मेल्यासारखी वाटायची. पण पुढच्या वर्षीचा घड त्या खरडीनंतर फुटणाऱ्या काडीतच तयार होतो, डोळ्याच्या आत, बाहेरून दिसत नाही.

खाली उतरताना मी त्यांना 2020 च्या धुराचं सांगितलं. वेली जळाल्या नाहीत, घड दिसायला निर्मळ, गोडी भरलेली. पण धुरातली द्रव्यं सालीतून आत जाऊन साखरेशी बांधली गेलेली. द्राक्ष खाल्लं तर फार कळत नाही; वाईन झाली की सुटतात आणि चव राखेची लागते. शेजारच्या नापा खोऱ्यातल्या कितीतरी वायनऱ्यांनी त्या वर्षी लाल वाईन काढलीच नाही.

"विमा?"

"काहींना मिळाला. काहींना नाही."

अप्पांनी मान हलवली. गारपिटीनंतर पंचनाम्यासाठी ते कितीदा खेटे घालून आले होते ते मला फोनवरूनच माहीत आहे.

रात्री शेगडीवर साबुदाण्याची खिचडी केली. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी वासानं चौकशी केली, त्यांना एक वाटी दिली. आठ वाजता थंडी पडायला लागली. शेकोटी नाही, म्हणून आम्ही तिघे त्या रिकाम्या लोखंडी कड्याभोवती घोंगड्या पांघरून बसलो, आत बॅटरी उभी करून. अप्पांनी इराला निफाडच्या थंडीची गोष्ट सांगितली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर उतरला की मण्यांची फुगवण थांबते, पिकत आलेल्या मण्यांना तडे जातात. मग पहाटे तीनला उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या, धूर वेलींखाली कोंडायचा, आणि ठिबक सोडायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं.

मी म्हटलं, इथे वसंतात कोंब फुटताना दहिवर गोठायची भीती असते, तेव्हा काही जण मोठे पंखे लावतात, काही जण कोंबांवर तुषार सोडतात. पाणी कोंबावर गोठतं आणि गोठताना ऊब सोडतं, तेवढ्यावर कोंब तगतो.

"बर्फात ठेवून थंडीपासून वाचवतात?" इराला हे काही पटेना. अप्पांना पटलं.

उद्यानातच रॉबर्ट फर्ग्युसन वेधशाळा आहे, हौशी मंडळी स्वयंसेवेनं चालवतात. दोन्ही वणव्यांतून ती वाचली. अमावास्या जवळ होती, आकाश काळंभोर. एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं अप्पांना शिडीवर हात धरून चढवलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. शनी होता. त्या वर्षी शनीचं कडं आपल्या नजरेच्या जवळजवळ पातळीत आलं होतं, त्यामुळे मोतीचुराच्या कळीतून सुई आरपार जावी तसं दिसत होतं.

अप्पा बराच वेळ हलले नाहीत. मागे रांग लागलेली. खाली उतरल्यावर मला हळूच म्हणाले, "साडेसात वर्षं याच टिकलीनं घाम काढला माझा?" मग परत वळून, त्या काळोखात दुर्बिणीच्या दिशेला, त्यांनी हात जोडले. त्या स्वयंसेवकानंही, काय समजून कुणास ठाऊक, हात जोडले.

झोप मला लागली नाही. गादीतली हवा गेली होती, आणि पेटीला कडी लावली असूनही एक रकून रात्रभर तिच्याशी झटत होता. अप्पा मात्र गाढ. पहाटे जाग आली तेव्हा ते तंबूबाहेर बाकावर बसले होते, मफलर गुंडाळून, एका ओकच्या खोडाकडे मान वर करून. खोडाला शेकडो भोकं, प्रत्येक भोकात एकेक ओकफळ ठोकून बसवलेलं. सुतार पक्ष्यांचं हिवाळ्याचं कोठार. एक पक्षी फळ घेऊन आला, एका भोकात घालून बघितलं, सैल बसलं. काढलं, दुसऱ्यात घातलं. चौथ्या भोकात ते घट्ट बसलं तेव्हा अप्पांनी सुस्कारा सोडला. फळ वाळून आकसलं की सैल होतं, मग पक्षी ते काढून लहान भोकात हलवतो, असं मी कुठेसं वाचलेलं सांगितलं.

"रोजचं काम आहे म्हणजे," अप्पा म्हणाले.

सातला तंबू गुंडाळून निघालो. खाली केनवुडजवळ एका रानात तोड चालू होती, रविवार असूनही. पहाटेच्या गारव्यात तोडलेलं फळ टिकतं म्हणून रात्रीच दिवे लावून सुरू करतात; आम्ही पोचलो तेव्हा कपाळावरचे दिवे अजून जळत होते. आकड्यासारखी वाकडी सुरी, एका हातात घड, खट्, आणि टबात. टब भरला की खांद्यावर घेऊन पळत ट्रॅक्टरमागच्या पेटीत रिकामा करायचा. बहुतेक मेक्सिकोकडची माणसं, मोठ्यानं गाणी लावलेली. अप्पा गाडीतून उतरून बांधावर उभे राहिले. कडेच्या वेलीपाशी वाकून त्यांनी खोडावरून हात फिरवला आणि जमिनीपासून वीतभरावर बोट टेकवलं. "ही बघ गाठ."

मुकादम वाटणारा एक जण आमच्याकडे आला. मी दिलगिरी व्यक्त करायला तोंड उघडतोय तेवढ्यात अप्पा "राम राम" म्हणाले. तो "बुएनोस दियास" म्हणाला. त्यानं अप्पांच्या हातांकडे पाहिलं, मग एक घड कापून त्यांच्या ओंजळीत ठेवला आणि परत कामाला लागला.

काबर्ने, वाईनचं द्राक्ष. काळे, बारीक, पावडर धरलेले मणी. अप्पांच्या लेखी मणी म्हणजे 18 मिलिमीटर. हे त्याच्या निम्म्यानं जेमतेम. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, साल दाढेखाली चावली, बी जिभेनं वेगळी करून दातांत फोडून बघितली. शिराजच्या दोन एकरांत ते असंच करायचे.

"चोवीस-पंचवीस ब्रिक्स," ते म्हणाले. ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप. "काढायला एक दिवसही लवकर नाही, उशीर नाही."

गाडीत बसलो आणि फोनच्या काड्या परत आल्या. अप्पांचा फोन कुरता फाटेल इतका थरथरला. सागरनं आदल्या दिवशी सकाळी छाटणीला हात घातला होता, न विचारता. अकरा फोटो. अप्पांनी एक उघडून दोन बोटांनी मोठा केला. काडी गाठीच्या (ही कलमाची नव्हे, काडीवरची गाठ) पुढे कापलेली, टोकावर पाण्याचा एक थेंब लोंबत असलेला.

"गाठीपुढं एक डोळा जास्त ठेवलाय त्यानं."

"लावू फोन?"

त्यांनी बाहेर बघितलं. पेटी भरून ट्रॅक्टर वळत होता.

"तिकडं आता रात्रीचे आठ झाले असतील. जेवायला बसला असेल." फोन त्यांनी खिशात ठेवला आणि मागे हात करून इराला म्हणाले, "संपवलेस का गं सगळे? एक दे बघू."